मांस उडतंय? भिऊ नका, पण फवारणीनंतर उडालं तर थांबू नका



कपाशीवर फवारणीचे दिवस आले की आम्हा विस्तार कर्मचाऱ्यांना बांधावर गाठून लोक किडीविषयी विचारतात, तसे स्वतःच्या अंगाविषयीही विचारतात. "साहेब, दंडाचं मांस आपोआप उडतंय." "पोटरीत काहीतरी वळवळल्यासारखं होतं." "डावी पापणी चार दिवस झाले लवतेय, काही वाईट तर नाही ना?" मी शेतीची पदविका घेतलेला माणूस, औषधोपचार सांगणे हे माझे काम नव्हे. पण कोणत्या वेळी शांत राहावे आणि कोणत्या वेळी हातातला पंप टाकून दवाखाना गाठावा, एवढे तरी प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा लेख.

या एकाच तक्रारीपायी आपल्या गावांत दोन उलट्या गोष्टी घडतात. धडधाकट माणूस पोटरी उडते म्हणून रात्र रात्र जागतो, मोबाईलवर नाही नाही ते वाचतो आणि आपल्याला कुठलासा असाध्य आजार जडला असे धरून बसतो. याउलट फवारणी करताना ज्याच्या चेहऱ्याचे अन् छातीचे मांस उडू लागते, तो "जरा ऊन लागलं असेल" म्हणून आणखी दोन पंप मारतो. जिथे भ्यायला नको तिथे भीती आणि जिथे भ्यायला हवे तिथे बेफिकिरी, असा हा उलटा कारभार आहे. तो सुलटा व्हावा, एवढीच इच्छा.

मांस उडते म्हणजे काय होते?

विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. खांबावरून वायर येते, स्टार्टरला जोडते आणि बटण दाबले की मोटार फिरते. आपल्या अंगातही तसेच आहे. मेंदू आणि पाठीचा कणा येथून नसा निघतात आणि स्नायूंना जाऊन भिडतात. मेंदूचा हुकूम नसेतून आला की स्नायू आखडतो, काम झाले की सैल पडतो. कधी कधी हुकूम नसतानाही एखाद्या नसेत बारीकशी ठिणगी उडते आणि त्या नसेवरचे स्नायूचे थोडेसे धागे क्षणभर फडफडतात. आपण म्हणतो, मांस उडालं. डॉक्टर लोक याला फॅसिक्युलेशन म्हणतात.

असे उडणे जवळजवळ प्रत्येक माणसाला कधी ना कधी होते. दिवसभर फावडे चालवले, रात्री पाणी द्यायला जागरण झाले, उन्हात घाम गेला आणि पाणी कमी पडले, चहा जास्त झाला, तंबाखू-दारू वाढली की ते वाढते. दम्याची काही औषधे, लघवी वाढवणारी औषधे, थायरॉईडचा बिघाड, रक्तातले कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी होणे, यांनीही होते. आणि मनात काळजी असली तर हमखास होते. पापणी, पोटरी, दंड, अंगठ्याचा गड्डा या त्याच्या नेहमीच्या जागा. व्होल्टेज कमी-जास्त झाले की दिवा लुकलुकतो, म्हणून कोणी मोटार जळाली असे म्हणत नाही. तसेच हे.

डोळा लवण्यावरून शुभ-अशुभ पाहण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. डावा लवला की असे, उजवा लवला की तसे. त्या समजुतीला जितका आधार आहे, तितकाच पापणी लवली की मेंदूचा आजार झाला या नव्या समजुतीला आहे.

ज्याची भीती वाटते तो आजार कोणता?

मोबाईलवर 'मांस उडणे' असे शोधले की एक नाव हटकून पुढे येते, ते म्हणजे मोटर न्यूरॉन आजार. त्याच्या मुख्य प्रकाराला एएलएस म्हणतात. या आजारात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसपेशीच हळूहळू मरतात. आपल्या भाषेत सांगायचे तर वायर आतून कुजत जाते. हात-पाय, मग बोलणे, गिळणे आणि शेवटी श्वास, असे एकेक काम बंद पडते. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते. इंग्लंडचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हाच आजार असल्याचे सांगण्यात आले. ते २०१८ पर्यंत, म्हणजे वयाच्या ७६ व्या वर्षापर्यंत जगले. पण ते अपवाद. बहुतेक रुग्णांच्या हाती लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे असतात. मुळातून बरे करणारे औषध अजून नाही. रिलुझोल नावाची गोळी आजार थोडा लांबवते, इतकेच.

आजार भयंकर आहे, यात वाद नाही. पण तो किती जणांना होतो, हेही पाहा. युरोप-अमेरिकेतील नोंदींप्रमाणे एक लाख लोकवस्तीत वर्षाला साधारण दोन नवे रुग्ण सापडतात. त्या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावात असा एक रुग्ण दिसायला पंचवीस वर्षे लागावीत. आणि मांस मात्र त्याच गावात रोज कुणाचे ना कुणाचे उडते. आता तुम्हीच हिशेब करा.

अमेरिकेतील मेयो क्लिनिक या नामांकित संस्थेच्या डॉक्टरांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे मांस उडत होते, पण तपासणीत आजाराची दुसरी कोणतीही खूण सापडली नव्हती, अशा १२१ जणांची त्यांनी पुढे चौकशी ठेवली. कुणाची दोन वर्षे, कुणाची तब्बल बत्तीस वर्षे. त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉन आजार झाला नाही. एकालाही नाही.

कीटकनाशकांमुळे हा आजार होतो का, असेही काही जण विचारतात. काही अभ्यासांत दोहोंचा संबंध दिसला आहे, पण तेच कारण असे सिद्ध झालेले नाही. फवारणीत काळजी घ्यायला दुसरी पुरेशी कारणे आहेत. ती पुढे येतीलच.

उडण्याकडे नको, ताकदीकडे बघा

मग खरा आजार ओळखायचा कसा? मांस किती उडते, कुठे उडते, यावरून नव्हे. ताकद गेली का, यावरून. मोटर न्यूरॉन आजारात माणसाच्या हातून रोजचे काम निसटू लागते आणि ते महिन्या-महिन्याला वाढत जाते. पुढील खुणा ध्यानात ठेवा:

- एका पायातली चप्पल चालताना आपोआप निसटते, पाऊल घासते, सपाट जागी ठेच लागते.
- सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, कुलपात किल्ली फिरवता येत नाही, म्हशीची धार काढताना एकच हात लवकर हरतो.
- अंगठा आणि पहिले बोट यांच्यामधला मांसल भाग सुकून खड्डा पडतो, किंवा एक हात-पाय दुसऱ्यापेक्षा बारीक होतो.
- जीभ जड होऊन बोलणे बोबडे होते, पाणी पिताना वारंवार ठसका लागतो.
- काही कारण नसताना वजन उतरत जाते.

यांतले काही दिसत असेल तर मांस उडो वा न उडो, वेळ न घालवता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात जा आणि मेंदू-नसांच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. यातली बरीच लक्षणे मणक्यात नस दबल्याने, मधुमेहाने किंवा दुसऱ्या बऱ्या होणाऱ्या कारणांनीही येतात, म्हणून तर तपासणी लवकर हवी. तज्ज्ञ हातोडीने सांधे ठोकून पाहतात, ताकद पाहतात, गरज वाटली तर स्नायूंत बारीक सुई घालून विजेचा आलेख काढतात.

आणि ताकद पूर्वीसारखीच असेल, पोते उचलता येते, बांध चढता येतो, भाकरी चावता येते, तर नुसत्या उडण्याला घाबरण्याचे कारण नाही. मनाचे समाधान होत नसेल तर डॉक्टरांना एकदा दाखवा. एकदा. रोज आरशापुढे दंड फुगवून ताकद मोजत बसू नका. रोज उपटून पाहिलेले रोप कधी जगत नाही.

भीती हेही दुखणेच

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावच्या तिशीतल्या शेतकऱ्याचे सांगतो. पोटऱ्या उडू लागल्या, मोबाईलवर वाचले आणि मनाने घेतले. तीन डॉक्टर झाले, शहरात जाऊन मोठे फोटो काढून झाले, दोन शेळ्या त्यात गेल्या. सगळे अहवाल चांगले आले. प्रत्येक अहवालानंतर आठवडाभर बरे वाटायचे, मग "त्यांच्या नजरेतून सुटलं असेल" हा किडा पुन्हा वळवळायचा. शेवटी एका सरकारी डॉक्टरांनी त्याला शांतपणे बसवून विचारले: झोप किती? चहा किती? वीज रात्रीची, म्हणून पाणी द्यायला महिनाभर जागरण. आणि जागे राहायला आठ-दहा कप चहा. डॉक्टरांनी अंग तपासले तसे मनाचेही विचारले. चहा कमी झाला, झोप सुधारली, काही महिने समुपदेशन झाले. पोटरी अजूनही अधूनमधून उडते. पण आता तो तिच्याकडे बघत बसत नाही.

या भीतीची चाल समजून घ्या. रानात एका झाडाकडे टक लावून बसले तर त्याचे प्रत्येक पान हलताना दिसते. अंगाचेही तसेच. जिथे ध्यान लागले तिथले बारीक उडणेही जाणवते. जाणवले की भीती वाढते, भीतीने झोप उडते, छाती धडधडते, नसा आणखी चिडतात आणि मांस आणखी उडते. रहाटाच्या बैलासारखे हे चक्र फिरत राहते. शिकल्यासवरलेल्यांनाही ते चुकत नाही. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांतही ही भीती नेहमी आढळते.

म्हणून अशा माणसाला "तुला काही झालं नाही, उगा सोंग करतोस" असे घरच्यांनी म्हणू नये. त्याचे मांस खरेच उडते आणि त्याची भीतीही खरी असते. खोटा असतो तो फक्त त्याने काढलेला अर्थ. शोधाशोध थांबवणे, वारंवार दुसऱ्याला "बघ, उडतंय का" असे न विचारणे, कामात राहणे, झोप सांभाळणे, यांनी निम्मे काम होते. उरलेल्यासाठी मनाच्या डॉक्टरांचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो; मराठीत बोलता येते. त्यात लाज कसली? पिकाचा सल्ला विचारतोच ना आपण?

फवारणीनंतरचे उडणे मात्र वेगळे

आता उलट बाजू बघू. अळीवर औषध पडले की ती आधी थरथरते, वळवळते आणि मग निपचित पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, डायमिथोएट, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली नावे. या गटाची औषधे मारतात ती अशी: नसेचा हुकूम स्नायूला पोचवणारे एक रसायन असते आणि काम झाल्यावर ते पुसून टाकणारे दुसरे द्रव्य असते. विष या पुसणाऱ्या द्रव्यालाच निकामी करते. म्हणजे स्टार्टरचे बटण 'चालू'वरच अडकते. मोटार फिरत राहते, तापते आणि शेवटी जळते.

माणसाच्या अंगातही हेच रसायन आहे आणि विष तिथेही हेच करते. ते नाकातोंडातून जाते, तसेच भिजलेल्या पाठीतून, मांडीतूनही जाते. मग मांस उडते, पण ते एकटे उडत नाही. सोबत दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंधूक दिसणे, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब, छाती भरून घरघर, यांतले काही ना काही असते. पुढे हात-पाय गळतात आणि श्वास घेणारे स्नायूही थकतात. माणूस जातो तो इथे.

सायपरमेथ्रिनसारख्या दुसऱ्या गटातल्या औषधांनी तोंडावर नुसत्या मुंग्या आणि चुणचुण येते. ती बहुधा दिवसभरात जाते. पण कोणते औषध कोणत्या गटातले, हे शेतात उभे राहून ठरवत बसू नका. आजकाल दोन-दोन औषधे एकाच बाटलीत येतात, आणि वर आपण तिसरे मिसळतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्यांतल्या कित्येकांच्या घरी कमावता हात तो एकच होता. आजही रानात मजूर म्हणतो, "अंग फुरफुरतंय," आणि मालक म्हणतो, "पाणी पी, दोनच पंप उरलेत." ते दोन पंप किती महाग पडू शकतात, हे मालकाने ओळखावे.

काय करावे, काय करू नये

- फवारणी तिथेच थांबवा. माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला, सावलीत न्या. एकट्याला घरी पाठवू नका.
- भिजलेले कपडे काढा. साबण-पाण्याने अंग, केस, नखे, काखा धुवा. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालावी.
- दूध, तूप, लिंबू, मिठाचे पाणी यांतले काहीही पाजू नका. बोट घालून उलटी काढू नका. ती श्वासनलिकेत जाते.
- शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.
- औषधाची बाटली किंवा तिची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या. उपचार त्यावर ठरतो. ॲट्रोपिनचे इंजेक्शन जीव वाचवते, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे.
- बरे वाटले म्हणून त्याच दिवशी घरी पळून येऊ नका. या विषात एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणे, दम लागणे असा दुसरा झटका येऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांनी पाय बधिर वा लुळे वाटले तरी पुन्हा दाखवा.

आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून: बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. गळका पंप वापरू नका. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. वाऱ्याच्या विरुद्ध आणि भर उन्हात फवारू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, बूट, चष्मा, तोंडाला आवरण हवेच. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून बायामाणसांना धुवायला देऊ नका.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताई यांनी हंगामाआधी चार गोष्टी कराव्यात. जवळच्या आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा साठा आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल, त्यांचे क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. कृषी सेवा केंद्राच्या दारावर विषबाधेच्या खुणा मोठ्या अक्षरांत लावाव्यात. आणि अंग फुरफुरतंय म्हणून काम सोडणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, असे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. मजुरी बुडण्याच्या धास्तीने माणूस लक्षण लपवतो, आणि लपवलेले लक्षण जीव घेते.

थोडक्यात हिशेब असा. निवांत बसल्यावर पोटरी उडाली, पापणी लवली, ताकद शाबूत आहे, तर झोप घ्या, चहा कमी करा आणि कामाला लागा. मांस उडो न उडो, ताकद उतरत असेल तर तज्ज्ञ गाठा. आणि पाठीवर पंप असताना किंवा फवारणीनंतरच्या काही तासांत मांस उडाले, घाम-लाळ सुटली, तर पीक राहिले तर राहू द्या, दवाखाना गाठा. अळीने खाल्लेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. गेलेला माणूस परत येत नाही.